तृणधान्यांतील वनस्पतिजन्य संयुगे व त्यांचा दाहशामक परिणाम : ज्वारीच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक आढावा

सारांश

ज्वारी, बाजरी, नाचणी, ओट, गहू इत्यादी तृणधान्यांतील फिनॉलिक आम्ले, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन यांसारख्या संयुगांना दाहशामक गुण असल्याचे प्रतिपादन गेल्या दोन-तीन दशकांत मोठ्या प्रमाणावर झाले आहे. या प्रतिपादनामागील पुरावा कोणत्या पातळीचा आहे, प्रयोगशाळेतील निष्कर्ष मानवी शरीराला कितपत लागू पडतात आणि प्रयोगात वापरलेला दाणा व महाराष्ट्रात प्रत्यक्ष खाल्ला जाणारा दाणा एकच आहे काय, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ज्वारीच्या दाहशामक गुणाविषयीचे सर्वांत ठळक निष्कर्ष काळ्या व टॅनिनयुक्त वाणांच्या कोंड्याच्या अर्कावर आधारलेले असून भाकरीसाठी वापरली जाणारी पांढरी, टॅनिनविरहित ज्वारी त्यात बसत नाही, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : तृणधान्ये, दाह, फेरुलिक आम्ल, अॅव्हेनँथ्रामाइड, टॅनिन, मालदांडी ज्वारी, जैवउपलब्धता.

१. प्रस्तावना

भारत सरकारने २०१८ हे वर्ष राष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी आदी धान्यांना 'पौष्टिक तृणधान्ये' अशी नवी ओळख दिली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांचा उल्लेख 'श्रीअन्न' असा करण्यात आला. अनेक वर्षे गरिबांचे अन्न म्हणून उपेक्षित राहिलेल्या धान्यांना प्रतिष्ठा मिळाली, ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय. कोरडवाहू शेती, जनावरांसाठी कडबा, कमी पाण्यावर येणारे पीक आणि ग्रामीण भागाची अन्नसुरक्षा या सर्वच दृष्टींनी ज्वारी-बाजरीचे महत्त्व वादातीत आहे.

परंतु या प्रतिष्ठेबरोबर धान्याच्या गुणवर्णनाची एक नवी भाषाही आली. 'प्रतिऑक्सिडीकारकांनी समृद्ध', 'दाहशामक', 'संधिवात, मधुमेह व हृदयविकार यांवर गुणकारी' अशी विशेषणे वृत्तपत्रीय लेखांत, पाककृतींच्या पुस्तकांत, पिठाच्या पाकिटांवर आणि कित्येकदा संशोधनपर निबंधांतही आढळतात. यांतील प्रत्येक विशेषणामागे काही ना काही प्रयोग असतोच. मात्र तो कोणत्या दाण्यावर, त्या दाण्याच्या कोणत्या भागावर, किती मात्रेत आणि कोणत्या सजीवावर झाला, हे सांगितले जात नाही. विधान तेवढे उरते आणि त्याच्या अटी गळून पडतात. या गळून पडलेल्या अटी पुन्हा विधानाला जोडणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. 'दाह' या संज्ञेतील संदिग्धता

आधुनिक वैद्यकात दाह ही जंतू, इजा किंवा क्षोभक पदार्थ यांना शरीराने दिलेली संरक्षक प्रतिक्रिया मानली जाते. लाली, सूज, उष्णता व वेदना ही तिची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदविली होती. आजच्या संशोधनाचा रोख मात्र या तीव्र दाहावर नसून दीर्घकाळ सौम्य पातळीवर धुमसत राहणाऱ्या दाहावर आहे. लठ्ठपणा, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि रोहिणीकाठिण्य यांच्याशी तो निगडित असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. रक्तातील सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारख्या निर्देशकांच्या पातळीवरूनच त्याचे अनुमान करावे लागते.

मराठीत 'दाह' म्हटले की प्रथम आठवते ती जळजळ. आपल्या आहारपरंपरेत बाजरी उष्ण व ज्वारी थंड मानली जाते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि उन्हाळ्यात आंबील हा क्रम त्याच समजुतीतून आलेला आहे. 'दाहशामक' हा पारिभाषिक शब्द या अर्थपरंपरेत येऊन पडतो तेव्हा 'ज्वारी थंड असते' हा अनुभव आणि 'ज्वारीतील संयुगे इंटरल्युकिनची निर्मिती रोखतात' हा प्रयोगनिष्कर्ष ही जणू एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असा समज होतो. वास्तविक या दोन विधानांची कसोटी सर्वस्वी भिन्न आहे. पहिले ऋतू, पचन व प्रकृती यांच्या अनुभवावर उभे आहे, तर दुसरे रक्ततपासणीवर. एकाची साक्ष दुसऱ्यासाठी काढता येत नाही. आधुनिक संशोधनाने परंपरा सिद्ध केली, असे म्हणण्याची घाई या क्षेत्रातील बऱ्याच लेखनात दिसते. तिचे मूळ काही अंशी या शब्दसाधर्म्यात आहे.

३. दाण्यातील संयुगे : स्थान व स्वरूप

तृणधान्याच्या दाण्याचे कोंडा, अंकुर व भ्रूणपोष असे तीन प्रमुख भाग असतात. पिठूळ भ्रूणपोषात पिष्टमय पदार्थ व प्रथिने असतात. येथे विचारात घेतलेली बहुतेक संयुगे कोंड्याच्या थरांत आढळतात. पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा यांत ती फारच कमी उरतात, याचे कारण हेच होय.

या संयुगांत फेरुलिक आम्लाचे स्थान महत्त्वाचे आहे. गहू, मका, ज्वारी, तांदूळ या सर्वांत ते आढळते. परंतु ते बहुतांशी मोकळे नसते. पेशीभित्तिकेतील अॅरॅबिनोझायलान या तंतुमय पदार्थाशी ते रासायनिक बंधाने जखडलेले असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील अडोम व लिऊ यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकूण फिनॉलिक संयुगांपैकी बद्ध स्वरूपातील वाटा मक्यात सुमारे ८५ टक्के, गहू व ओट यांत सुमारे ७५ टक्के आणि तांदळात सुमारे ६२ टक्के आढळला. तोपर्यंतच्या अनेक मोजमापांत केवळ मोकळी संयुगे धरली गेल्याने धान्यांतील एकूण साठा कमी लेखला गेला होता, ही त्या अभ्यासाने पुढे आणलेली महत्त्वाची बाब होती.

ओटमधील अॅव्हेनँथ्रामाइड ही संयुगे अन्य प्रमुख तृणधान्यांत आढळत नाहीत. राय व गहू यांच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल असतात. आहारात अखंड धान्य किती होते, याचा रक्तातील पुरावा म्हणून त्यांचा उपयोग केला जातो. ज्वारीच्या रंगीत वाणांतील ३-डीऑक्सिअँथोसायनिडिन ही रंगद्रव्ये अन्य खाद्यधान्यांत क्वचितच सापडतात. बाजरीत व्हायटेक्सिनसारखी सी-ग्लायकोसिलफ्लॅव्होन आहेत आणि नाचणीच्या तपकिरी टरफलात पॉलिफिनॉलचा मोठा साठा आहे. तेव्हा 'तृणधान्यांतील संयुगे' ही एकजिनसी वस्तू नाही. धान्यागणिक, वाणागणिक आणि दाण्याच्या थरागणिक ती बदलते.

४. परीक्षानळीपासून रक्तापर्यंत

दाहशामक गुणाचा पहिला पुरावा सामान्यतः पेशीसंवर्धनातून येतो. पेशींना जिवाणूजन्य विषद्रव्य किंवा अन्य क्षोभक पदार्थ देऊन दाह निर्माण करतात आणि तपासावयाचे संयुग त्या माध्यमात मिसळतात. ओटमधील अॅव्हेनँथ्रामाइडवरील २००४ चा टफ्ट्स विद्यापीठातील अभ्यास या प्रकारचा उत्तम नमुना होय. मानवी महारोहिणीच्या अंतःस्तरातील पेशींवर या संयुगांचा प्रयोग केला असता इंटरल्युकिन-६ व इंटरल्युकिन-८ यांचे स्रवण घटले, तसेच श्वेतपेशी चिकटण्याचे प्रमाणही कमी झाले. एनएफ-कॅपा-बी या दाहनियामक प्रथिनाच्या मार्गात ही संयुगे अडथळा आणतात, असे पुढील अभ्यासांत दिसले. प्रयोग म्हणून हे काम निर्दोष आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याच्या उपयोजनाचा.

अन्नातील संयुग पेशीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला पीठ, शिजवणे, जठर, आतडे व यकृत हा प्रवास करावा लागतो. अॅव्हेनँथ्रामाइडसमृद्ध अर्क दुधातून दिल्यावर त्याची रक्तातील कमाल पातळी नॅनोमोलर श्रेणीत राहिली, असे २००७ च्या एका मानवी अभ्यासात आढळले. कोंडायुक्त गव्हाच्या न्याहारीनंतर फेरुलिक आम्लाचे शोषण सुमारे ३ टक्के झाल्याचे २००३ च्या अभ्यासाने दाखविले आहे. पेशीसंवर्धनात मात्र वनस्पतिजन्य संयुगे मायक्रोमोलर मात्रेत, म्हणजे कित्येकदा शेकडो ते हजार पट अधिक प्रमाणात वापरण्याचा प्रघात आहे. शिवाय आतड्याच्या अस्तरातून व यकृतातून जाताना या संयुगांना सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइडचे गट जोडले जातात. रक्तात फिरणारा रेणू आणि परीक्षानळीत घातलेला रेणू बरेचदा वेगळे असतात, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेच्या आकड्यांबाबतही हेच घडले. 'ओरॅक' नावाच्या परीक्षानळीतील कसोटीवर अन्नपदार्थांचे गुणांकन करणारी सूची अमेरिकेच्या कृषी विभागाने प्रसिद्ध केली होती. या आकड्यांचा मानवी शरीरातील परिणामांशी संबंध दाखविता येत नाही आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, अशी कारणे देऊन त्या विभागानेच ती २०१२ मध्ये मागे घेतली. भारतीय धान्यांवरील निबंधांत अशा स्वरूपाचे आकडे आजही आरोग्यलाभाचा पुरावा म्हणून उद्धृत केले जातात, ही खेदाची बाब आहे.

तथापि, शोषण कमी म्हणून परिणाम शून्य, असा उलट निष्कर्षही काढता येणार नाही. बद्ध फेरुलिक आम्ल लहान आतड्यात सुटत नसल्यामुळेच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. तेथील जिवाणू त्यांच्या विकरांच्या साहाय्याने ते मोकळे करतात. तंतुमय पदार्थांच्या किण्वनातून ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात व ती आतड्याच्या अस्तराला पोषक ठरतात. अखंड धान्याचा दाहावर काही परिणाम होत असेल, तर त्याचे कार्यक्षेत्र रक्तापेक्षा मोठे आतडे असण्याची शक्यता अधिक आहे. मात्र तसे असल्यास श्रेय एकट्या संयुगाचे नसून तंतू, संयुग व जिवाणू या तिघांचे आहे. अर्क काढून कुपीत भरलेल्या संयुगाला ते मिळणार नाही.

५. मानवी अभ्यासांची साक्ष

अमेरिकेतील आयोवा राज्यात रजोनिवृत्त स्त्रियांची दीर्घकालीन पाहणी झाली. त्यातील २७,३१२ स्त्रियांच्या १७ वर्षांच्या नोंदींवर आधारित निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अखंड धान्य अधिक खाणाऱ्या स्त्रियांत दाहाशी संबंधित विकारांमुळे होणारे मृत्यू कमी आढळले. निष्कर्ष लक्षणीय आहे. परंतु असा आहार घेणाऱ्या व्यक्ती अन्य बाबतींतही आरोग्यदायी सवयींच्या असतात. संख्याशास्त्रीय दुरुस्त्यांनी हा फरक पूर्णपणे पुसला जात नाही. म्हणून प्रत्यक्ष आहार बदलून केलेल्या चाचण्यांकडे वळावे लागते.

या चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चयापचयी लक्षणसमूह असलेल्या ५० लठ्ठ व्यक्तींना १२ आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. वजन दोन्ही गटांत घटले, पण सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन अखंड धान्याच्या गटात ३८ टक्क्यांनी कमी झाले, तर दुसऱ्या गटात घटले नाही. इटलीतील २०१५ च्या चाचणीत अखंड गहू आठ आठवडे दिल्यानंतर टीएनएफ-अल्फाची पातळी खाली आली आणि कोंड्यातून सुटलेल्या फेरुलिक आम्लाशी तिचा संबंध जोडण्यात आला. संयुगाचा मागोवा शरीराच्या आत घेणारा हा अभ्यास विशेष मोलाचा आहे. डेन्मार्कमधील ६० व्यक्तींवरील चाचणीतही दाहनिर्देशक घटले, परंतु तेथे वजनही कमी झाले होते. त्यामुळे दाह धान्यामुळे घटला की वजनामुळे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

याउलट, स्वीडनमधील २००७ च्या अभ्यासात मध्यम स्थूल पण निरोगी अशा ३० व्यक्तींनी सहा आठवडे अखंड धान्य खाऊनही दाहाच्या निर्देशकांत फरक पडला नाही. ब्रिटनमधील ३१६ स्थूल व्यक्तींची १६ आठवड्यांची चाचणी ही यांतील सर्वांत मोठी होय. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही उल्लेखनीय परिणाम दिसला नाही.

या परस्परविरोधातून एक सूत्र हाती लागते. ज्यांच्या शरीरात दाहाची पातळी आधीच चढलेली असते व मूळ आहार निकृष्ट असतो, त्यांच्यात परिणाम दिसण्याचा संभव अधिक असतो. तसेच प्रत्येक चाचणीत तुलना कशाशी केली, हे निर्णायक ठरते. मैद्याच्या पावाशी तुलना करून मिळालेला निष्कर्ष चक्कीवर दळलेल्या, कोंड्यासह असलेल्या गव्हाच्या पोळीशी ज्वारीची तुलना करताना वापरता येत नाही. महाराष्ट्रातील घरांत प्रश्न मैदा की ज्वारी असा नसून बहुधा पोळी की भाकरी असाच असतो.

६. ज्वारी : प्रयोगातील दाणा व ताटातील दाणा

ज्वारीच्या दाहशामक गुणाविषयी वारंवार उद्धृत होणारा निबंध जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांचा असून तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ज्वारीच्या निवडक वाणांच्या कोंड्याचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क वापरला. काळ्या वाणाच्या आणि 'सुमॅक' या टॅनिनयुक्त वाणाच्या अर्काने क्षोभित मानवी श्वेतपेशींतील इंटरल्युकिन-१-बीटा व टीएनएफ-अल्फा यांची निर्मिती रोखली. रसायनाने उंदरांच्या कानावर आणलेली सूजही त्यामुळे कमी झाली. 'ज्वारी दाहशामक आहे' हे वाक्य येथून प्रवासाला निघाले.

त्याच निबंधातील दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच सांगितला जातो. पांढऱ्या ज्वारीच्या कोंड्याच्या अर्काने उंदरांतील सूज कमी झाली नाही. गहू, तांदूळ व ओट यांच्या कोंड्यानेही ती कमी झाली नाही. परिणामाचे प्रमाण फिनॉलिक संयुगांच्या प्रमाणाशी जुळणारे होते. म्हणजे मूळ निबंध 'ज्वारी दाहशामक आहे' असे म्हणत नाही. काही ज्वारी तशी आहे व काही नाही, असे तो म्हणतो. उद्धृत करणाऱ्यांनी 'काही' हा शब्द गाळला आणि त्याबरोबर निबंधाचा अर्थच बदलला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा शब्द कळीचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडपद्धतीने तयार झालेला एम ३५-१ हा 'मालदांडी' वाण रब्बी ज्वारीचा मानदंड मानला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. टपोरा, मोत्यासारखा पांढरा व चकचकीत दाणा हे या ज्वारीचे वैशिष्ट्य. तिची भाकरी पांढरीशुभ्र, मऊ व गोडसर होते. बाजारात भावही या रंगावर ठरतो. टॅनिनचा रंगीत थर या दाण्यात नसतो आणि काळ्या वाणातील ३-डीऑक्सिअँथोसायनिडिन रंगद्रव्यांचा साठाही नसतो. ज्या द्रव्यांच्या बळावर ज्वारीला दाहशामक म्हटले गेले, नेमकी तीच मालदांडीत नाहीत.

हा योगायोग नव्हे. टॅनिन तुरट असते, त्यामुळे पाखरे असा दाणा टाळतात. आफ्रिकेच्या काही भागांत पाखरांच्या झुंडींपासून पीक वाचावे म्हणून टॅनिनयुक्त ज्वारी मुद्दाम लावली जाते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने गोड दाणा पसंत केला आणि त्याची किंमत माळ्यावर उभे राहून, गोफण फिरवून, राखण करून मोजली. थापणाऱ्या बायकांनी भाकरीची चव व पोत पाहिला, व्यापाऱ्याने रंग पाहिला. अनेक पिढ्यांच्या या निवडीतून तुरट द्रव्ये दाण्याबाहेर गेली. आज त्याच दाण्याच्या पिशवीवर त्या द्रव्यांचे गुण छापले जात असतील, तर त्यात विज्ञानाचा विपर्यास तर आहेच, शिवाय त्या निवडीमागील शहाणपणाचे विस्मरणही आहे.

रंगाच्या या प्रश्नाला एक व्यावहारिक धोकाही चिकटलेला आहे. अमेरिकी निबंधांतील 'काळी ज्वारी' म्हणजे उन्हात आवरण काळे होणारा विशिष्ट वाण. महाराष्ट्रात 'काळी पडलेली ज्वारी' म्हणजे काढणीच्या वेळी पावसात भिजून बुरशी लागलेली खरीप ज्वारी. या बुरशीत फ्युमोनिसिनसारखी विषे निर्माण होऊ शकतात. दख्खनच्या पठारावरील २७ गावांत १९९५ मध्ये पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाऊन पोटदुखी व अतिसाराची साथ उद्भवली होती आणि तिचा संबंध फ्युमोनिसिनशी असल्याचे संशोधकांनी दाखविले. 'काळी ज्वारी औषधी' असे तुटक विधान अशा प्रदेशात पोहोचणे निरुपद्रवी नाही.

पांढऱ्या ज्वारीचे मूल्य यामुळे कमी होते काय? मुळीच नाही. तिच्यात बद्ध फेरुलिक आम्ल, तंतुमय पदार्थ व खनिजे आहेत. भाकरीचे पीठ कोंड्यासह दळले जात असल्याने ती पोटात जातात. अखंड धान्य म्हणून वर पाहिलेल्या मानवी चाचण्यांची मर्यादित साक्ष तिलाही लागू पडण्यास हरकत नाही. मात्र ही साक्ष अखंड धान्याची आहे, ज्वारी या धान्याच्या खास औषधी गुणाची नव्हे. रंगीत ज्वारीबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या चाचणीत स्थूल व्यक्तींना १२ आठवडे नियंत्रित आहारासोबत लाल ज्वारीची बिस्किटे दिली गेली. पांढऱ्या गव्हाच्या बिस्किटांच्या तुलनेत त्यांचे वजन अधिक घटले नाही. वजन हा दाहाचा थेट निर्देशक नसला, तरी पेशीसंवर्धनातील उत्साहवर्धक निष्कर्ष ताटापर्यंत येता येता कसे विरतात, याची कल्पना यावरून येते.

७. त्याच संयुगांची दुसरी बाजू

पोषणशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत टॅनिनचा समावेश 'पोषणविरोधी घटक' या प्रकरणात होत असे. आता तेच 'पोषकेतर गुणकारी घटक' या प्रकरणात आढळते. रेणू बदललेला नाही, प्रकरण बदलले आहे. टॅनिन प्रथिनांना व लोहाला बांधून ठेवते. टॅनिनयुक्त ज्वारीतून लोहाचे शोषण कमी होते, हे १९८० च्या दशकातील अभ्यासांनी दाखविले आहे. देशातील प्रजननक्षम वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. स्थूल, मध्यमवयीन, भरपेट आहार घेणाऱ्या व्यक्तीला लाभदायक ठरू शकणारी टॅनिनची मात्रा रक्तक्षयी मुलीला अपायकारक ठरू शकते. 'कोणासाठी' हा प्रश्न वगळून केलेले गुणवर्णन म्हणूनच अपुरे राहते.

बाजरीचे उदाहरण याहून बोलके आहे. सुदानमधील दारफूर भागात बाजरी हे मुख्य अन्न असून तेथे गलगंडाचे प्रमाण मोठे होते. एडुआर्डो गायतान व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बाजरीतील सी-ग्लायकोसिलफ्लॅव्होन अवटु ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणतात, असे दाखविले. त्यांत व्हायटेक्सिनचा समावेश होता. आज हेच व्हायटेक्सिन दाहशामक संयुग म्हणून निबंधांत गौरविले जाते. यावरून नाशिक, धुळे वा बीडकडील बाजरी खाणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. आयोडीनयुक्त मीठ व मिश्र आहार असताना परिस्थिती सर्वस्वी वेगळी असते. परंतु एकाच रेणूचा एक गुण सांगून दुसरा झाकणे शास्त्रीय लेखनाला शोभत नाही.

नाचणीच्या बाबतीत प्रक्रियेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिची पॉलिफिनॉल प्रामुख्याने टरफलात असतात. लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करताना ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात व पीठ वस्त्रगाळ करतात. या गाळण्यात टरफलाचा बराचसा भाग निघून जातो. बाळाच्या पचनाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र अशा सत्त्वाच्या डब्यावर टरफलातील पॉलिफिनॉलचे गुण सांगणे विसंगत ठरते.

शिवाय तृणधान्यांत दाह वाढविणारे घटकही असतात. गव्हातील ग्लुटेनमुळे सिलिअॅक रोग्यांच्या आतड्यात दाह होतो, हे सर्वज्ञात आहे. गव्हातीलच अमायलेज-ट्रिप्सिन निरोधक प्रथिने जन्मजात प्रतिकारव्यवस्थेला चेतवतात, असे २०१२ मध्ये दिसून आले. एका दाण्यात दोन्ही दिशांनी काम करणारे घटक असतील, तर एका संयुगावरून साऱ्या धान्याला नाव देणे योग्य होणार नाही.

८. दाव्यांची भाषा व संशोधकाची जबाबदारी

भारतात खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दावे यांबाबत २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम करण्यात आले. दावा सत्य व दिशाभूल न करणारा असावा आणि पदार्थ रोग बरा करतो असे सुचविले जाऊ नये, हा त्यांचा गाभा आहे. ओटमधील बीटा-ग्लुकान व हृदयविकार यांसंबंधीचा दावा अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाला तो रोज ३ ग्रॅम या निश्चित मात्रेसह व मानवी चाचण्यांच्या आधारे. धान्यातील घटकाविषयीचा दावा कसा असावा, याचा तो आदर्श मानता येईल. घटक कोणता, मात्रा किती, परिणाम कशावर व पुरावा कोणावरचा, ही चारही उत्तरे तेथे उपलब्ध होती.

ज्वारीच्या संशोधनातही हीच शिस्त आवश्यक आहे. निबंधात वाणाचे नाव, दाण्याचा रंग व टॅनिनची उपस्थिती नोंदविली जावी. मोजमाप कच्च्या कोंड्याच्या अर्काचे न करता तव्यावर भाजलेल्या भाकरीचे केले जावे. तुलना मैद्याशी नव्हे, तर गव्हाच्या पोळीशी असावी. दाहनिर्देशकांबरोबर रक्तातील लोहाची स्थितीही तपासली जावी. असा अभ्यास सोलापूर, मंगळवेढा परिसरातील एखाद्या महाविद्यालयाला वैद्यकीय संस्थेच्या सहकार्याने हाती घेता येण्याजोगा आहे. त्यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीपेक्षा काटेकोर आखणीची गरज आहे.

समारोप

तृणधान्यांतील वनस्पतिजन्य संयुगांचा दाहशामक परिणाम ही कपोलकल्पित गोष्ट नाही. पेशींवर तो स्पष्ट दिसतो, प्राण्यांत काही प्रमाणात दिसतो आणि मानवी चाचण्यांत कधी दिसतो, कधी दिसत नाही. ज्वारीच्या बाबतीत तो विशिष्ट रंगीत वाणांपुरता दाखविला गेला आहे आणि हे वाण म्हणजे महाराष्ट्राची भाकरी नव्हे.

या चिकित्सेत दुराग्रह असण्याचे कारण नाही. ज्वारी पुन्हा ताटात यावी, तिला भाव मिळावा, कोरडवाहू शेतकरी टिकावा, ही अपेक्षा योग्यच आहे. पण जे पुनरागमन उसन्या गुणांच्या आधारावर घडते, ते पुढील एखाद्या चाचणीने तो गुण नाकारताच ढासळते आणि त्याचा फटका दावा करणाऱ्याला न बसता पेरणाऱ्याला बसतो. मालदांडीच्या भाकरीला तिचे स्वतःचे गुण पुरेसे आहेत : ती अखंड धान्याची आहे, कमी पाण्यावर पिकते, जनावरांना कडबा देते आणि चवीला गोड लागते. काळ्या ज्वारीचे प्रमाणपत्र तिला जोडण्याची आवश्यकता नाही.